चारी कोपऱ्यांत 'सेफ मोड' लिहून आलंय? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला काकांचा फोन. "अरे, कॉम्प्युटरचा पडदा काळा झालाय, चारी कोपऱ्यांत इंग्रजीत काहीतरी लिहून आलंय, आयकॉन एवढाले मोठे झालेत आणि आवाज तर गेलाच. दुकानवाला म्हणतो विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल, 800 रुपये आणि 2 दिवस." काका फलटणला, मी पुण्यात, आणि त्या कॉम्प्युटरात मंडळाचा 5 वर्षांचा वर्गणीचा हिशोब, ज्याचा बॅकअप अर्थातच कुठेही नाही.

विंडोज उडालं नव्हतं. एक टिक राहिली होती, ती काढली, 20 मिनिटांत काम झालं, आणि त्यातली 15 मिनिटं स्पेलिंग सांगण्यात गेली. तेव्हापासून मनात होतं की हे एकदा नीट लिहून ठेवावं, कारण हा फोन मला दर दोन-चार महिन्यांनी कुणाचा ना कुणाचा येतोच. खाली सगळं विंडोज 10 आणि 11 धरून लिहिलंय, विंडोज 7 वाल्यांसाठी शेवटी थोडं वेगळं आहे.

आधी, हे आहे तरी काय

सेफ मोड हा बिघाड नाही. विंडोज चालू होताना एरवी ढीगभर गोष्टी उचलते, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (म्हणजे तो भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर), साउंडचा ड्रायव्हर, प्रिंटर, ब्लूटूथ, अँटिव्हायरस, आणि आपण टाकून ठेवलेली पन्नास सॉफ्टवेअरं. सेफ मोडमध्ये ती फक्त जगण्यापुरतं उचलते, बाकी सगळं बाहेर. म्हणून पडदा काळा, अक्षरं मोठी, आवाज बंद, वायफाय बंद, प्रिंटर गायब. तुमचे फोटो, फाइली, हिशोब जिथल्या तिथे असतात, कशालाही हात लागलेला नसतो. हे तीनदा वाचा आणि मग पुढे जा, कारण घाबरलेला माणूस पहिलं काम म्हणजे फॉरमॅटला हो म्हणतो.

सेफ मोड किती कामाचा आहे ते 2024 च्या 19 जुलैला जगाने बघितलं. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका खराब अपडेटने साधारण 85 लाख विंडोज मशिनं निळ्या पडद्यावर अडकली, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहून बोर्डिंग पास दिले गेले, आणि त्यावरचा उतारा काय होता, तर मशीन सेफ मोडमध्ये न्यायचं, एक फाइल उडवायची आणि परत बाहेर यायचं. आत जाऊन काम करायचं आणि बाहेर यायचं, एवढ्यासाठीच तो आहे. काकांसारखं आत मुक्काम ठोकायची ती जागा नव्हे.

पहिलं काम: एकदा सरळ रीस्टार्ट

हसू नका, निम्म्या लोकांचं इथेच संपतं. स्टार्ट, पॉवरचं चिन्ह, रीस्टार्ट. शटडाउन करून परत चालू करण्यापेक्षा रीस्टार्टच करा, कारण नव्या विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार असतो, त्यामुळे शटडाउन केलं तरी मशीन पूर्ण कोरं होऊन उठत नाही, रीस्टार्टने होतं. ज्यांनी सेफ मोडमध्ये एकदाच जायचा रस्ता वापरला असेल त्यांचं मशीन एवढ्याने गुपचूप नेहमीसारखं उघडतं, मग पुढचं काहीच वाचायची गरज नाही.

परत काळा पडदा आणि कोपऱ्यात तीच अक्षरं आली? मग कुणीतरी टिक केलेली आहे. आजची विंडोज सहसा आपणहून सेफ मोडमध्ये जाऊन बसत नाही, दोन-तीनदा नीट चालू झाली नाही तर ती निळा दुरुस्तीचा पडदा दाखवते आणि तुम्हाला विचारते. दर वेळी न विचारता सेफ मोड येतोय म्हणजे कुणीतरी सेटिंगमध्ये तसं सांगून ठेवलंय. काकांच्या घरी ते कुणीतरी म्हणजे अकरावीतला नातू, व्हिडिओ बघून गेमसाठी काहीतरी "स्पीड वाढवत" होता. त्याने दोन दिवस तोंड उघडलं नाही, तो भाग वेगळा.

टिक काढायची

कीबोर्डवर डाव्या कोपऱ्याजवळ चार खिडक्यांचं चिन्ह असलेलं बटण असतं, ते दाबून धरा आणि आर दाबा. खाली डावीकडे छोटी पट्टी उघडेल, रन नावाची. त्यात एमएसकॉन्फिग असं टाइप करायचं, सगळी अक्षरं एकत्र, मध्ये जागा नाही, छोटी लिपी चालते. अक्षरं अशी: एम, एस, सी, ओ, एन, एफ, आय, जी.

फोनवर सांगताना एम की एन, एस की एफ हा घोळ होतोच, म्हणून मी काकांना गावं सांगितली. एम मुंबईचा, एस साताऱ्याचा, सी चिपळूणचा, ओ ओरसचा, एन नाशिकचा, एफ फलटणचा... आणि काका थांबले. "फलटणचं स्पेलिंग पीएच आहे रे. मी जन्म इथे काढला." त्यांनी पी आणि एच दोन्ही टाकले होते, विंडोज म्हणाली असलं काही माझ्याकडे नाही. परत पहिल्यापासून. एफ फॅनचा. आय इचलकरंजीचा, जी गडचिरोलीचा. तुम्ही कुणाला फोनवर सांगणार असाल तर एवढं लक्षात ठेवा.

एंटर मारा. "परवानगी द्यायची का" असं विचारलं तर हो म्हणा. ते खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं नसेल, म्हणजे मुलांसाठी वगैरे बनवलेलं साधं खातं असेल, तर इथे ॲडमिनचा पासवर्ड मागेल, तो घरात कुणाकडे आहे ते आधी बघून ठेवा.

आता सिस्टम कॉन्फिगरेशन नावाची खिडकी उघडेल. वर पाच कप्पे दिसतील, त्यातला दुसरा, बूट, त्यावर क्लिक. वरच्या पांढऱ्या चौकटीत तुमच्या विंडोजचं नाव दिसेल, त्याला हात लावू नका. त्याच्या खाली डावीकडे सेफ बूट असं लिहिलेलं असेल आणि शेजारच्या चौकोनात टिक असेल. हीच ती. क्लिक करून काढा. काढली की तिच्या खालचे चार गोल, मिनिमल, अल्टरनेट शेल वगैरे, फिकट होतील. फिकट झाले म्हणजे बरोबर झालं.

त्याच खिडकीत उजवीकडे खाली अजून एक चौकोन आहे, सगळी बूट सेटिंग्ज कायमची करा अशा अर्थाचा. लोक "कायमचं बरं होऊ दे" म्हणून तिथे टिक करतात. करू नका. आपल्याला फक्त एक टिक काढायची आहे, नवीन कुठलीही लावायची नाही. उजवीकडे नो जीयूआय बूट, बेस व्हिडिओ असले चौकोनही आहेत, त्यात टिका दिसल्या आणि तुम्ही स्वतः केलेल्या नसतील तर त्याही काढायला हरकत नाही, नातवाने तिथेही हात मारलेला असू शकतो.

मग अप्लाय, मग ओके. छोटी खिडकी विचारेल, रीस्टार्ट की नुसतं बाहेर. रीस्टार्ट म्हणा. झालं.

माऊस चालत नसेल तर, ब्लूटूथचा असेल तर सेफ मोडमध्ये बहुतेक चालणार नाहीच, घरातला जुना वायरचा माऊस शोधून यूएसबीत खुपसा, ते सगळ्यात सोपं. तोही नसेल तर कंट्रोल धरून टॅब दाबलं की कप्पे बदलतात, नुसतं टॅब दाबत दाबत सेफ बूटपर्यंत या आणि स्पेसबारने टिक काढा, पुढे टॅबनेच ओकेपर्यंत जा आणि एंटर.

पडद्यावर डेस्कटॉपच नाही, नुसती काळी खिडकी

टिक करताना कुणी अल्टरनेट शेल हा पर्याय निवडला असेल तर लॉगिन केल्यावर ना आयकॉन, ना टास्कबार, नुसती कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी येते. बघून पोटात गोळा येतो पण ह्यातून सुटका वरच्यासारखीच आहे. त्याच खिडकीत ती आठ अक्षरं टाइप करून एंटर मारा, सिस्टम कॉन्फिगरेशनची खिडकी उघडते, टिक काढा, रीस्टार्ट. ती काळी खिडकी चुकून बंद केलीत आणि आता समोर काहीच नाही? कंट्रोल, अल्ट, डिलीट एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडा, त्यात नवीन टास्क चालवायचा पर्याय असतो, तिथे तीच अक्षरं टाका.

लॉगिनच होत नाही

हा मात्र खरा त्रासाचा प्रकार आहे, त्यामुळे इथे जरा थांबून सांगतो. आपण सगळे रोज चार आकडी पिन टाकतो, पासवर्ड काय होता ते दोन-तीन वर्षांत विसरून गेलेलो असतो. विंडोज 10 च्या जुन्या आवृत्त्यांत सेफ मोडमध्ये पिन चालतच नाही, 2020 च्या आवृत्तीपासून चालायला लागला, पण अजूनही एखाद्या मशिनवर "पिन उपलब्ध नाही" असं येतंच. मग मायक्रोसॉफ्ट खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. तो मोबाइलवरून बदलता येतो, बरोबर, पण सेफ मोडमध्ये नेट नाही, म्हणजे मशीनला नवीन पासवर्ड कळणारच कसा? त्याला त्याच मशिनवर शेवटचा चाललेला जुना पासवर्डच हवा असतो. टिक काढायला आत जायला पाहिजे, आत जायला पासवर्ड पाहिजे, पासवर्डला नेट पाहिजे, आणि नेटला टिक काढायला पाहिजे. एका शेजारणीचं असं दोन दिवस चाललं होतं.

इथे लॉगिन न करता बाहेरून टिक काढायची. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात पॉवरचं चिन्ह असतं. कीबोर्डवर शिफ्ट दाबून धरा, ते न सोडता त्या चिन्हावर क्लिक करून रीस्टार्ट म्हणा. मशीन निळ्या पडद्यावर येईल, त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट. रस्त्यात रीसेट करायचा पर्यायही दिसतो, त्याच्यावर बोट ठेवू नका, तिथून फाइली जाऊ शकतात.

इथे काही मशिनं बिटलॉकरची रिकव्हरी की मागतात, 48 आकड्यांची. घाबरू नका, व्हायरस नाही, डिस्क कुलूपबंद आहे एवढंच. बरीच नवी लॅपटॉपं आपल्याला न विचारताच हे कुलूप लावून येतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने मशीन चालू केलेलं असेल तर ती की बहुतेक त्याच खात्यात जपलेली असते, मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या साइटवर लॉगिन करून आपल्या डिव्हाइसच्या पानावर सापडते. सापडली की वहीत लिहून ठेवा, परत लागते.

आता काळी खिडकी उघडली. ओळीच्या सुरुवातीला सी ऐवजी एक्स दिसेल, ते ठीक आहे. तिथे एक ओळ टाइप करायची, चार तुकड्यांची, दोन तुकड्यांच्या मध्ये एकेक जागा सोडायची:

पहिला तुकडा बीसीडीएडिट, म्हणजे बी, सी, डी, ई, डी, आय, टी, सगळं जोडून.
दुसरा तुकडा तिरकी रेघ, प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते ती, आणि तिला चिकटून डिलीट आणि व्हॅल्यू हे दोन इंग्रजी शब्द, मध्ये जागा न सोडता.
तिसरा तुकडा डिफॉल्ट हा शब्द, दोन्ही बाजूंनी महिरपी कंसात. महिरपी कंस म्हणजे पी च्या उजवीकडचे दोन, शिफ्ट धरून येतात.
चौथा तुकडा सेफ आणि बूट, जोडून, एकच शब्द.

एंटर. काम यशस्वी झालं अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ आली की जिंकलात. खिडकी बंद करा, निळ्या पडद्यावर कंटिन्यू म्हणा, मशीन नेहमीसारखं उघडेल आणि पिनही चालायला लागेल. एलिमेंट सापडला नाही अशी ओळ आली तर एकतर स्पेलिंग बघा, सेफबूटच्या मध्ये जागा पडली असेल, किंवा ती टिक मुळात तिथे नाहीच. अल्टरनेट शेलवाल्यांनी ही ओळ चालवल्यावर शेवटच्या तुकड्याच्या जागी सेफबूटअल्टरनेटशेल असं सगळं जोडून लिहून तीच ओळ परत एकदा चालवावी.

लॉगिनच्या पडद्यापर्यंतच मशीन येत नसेल तर चालू होताना लोगो दिसला की पॉवरचं बटण 10 सेकंद दाबून बंद करा, असं दोन-तीनदा केलं की तो निळा पडदा आपोआप येतो. मला हे सांगताना बरं वाटत नाही, मशीनला असं दरडावून बंद करणं रोजचं नव्हे, पण अडल्यावर हाच रस्ता आहे.

आणि एक, ह्या अडलेल्या अवस्थेत इंटरनेटवर हेल्पलाइन नंबर शोधू नका. "आम्ही तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बघून दुरुस्त करतो, हे ॲप टाका आणि कोड सांगा" म्हणणारा भेटला की फोन ठेवा. टिक काढायला कुणाला कोड लागत नाही.

बाहेर आलात, पण परत गडबड

सेफ मोडमध्ये मशीन छान चालत होतं आणि बाहेर आल्यावर परत लटकतंय किंवा पडदा काळा पडतोय, तर ही चांगली खूण समजा. विंडोज ठीक आहे, हार्ड डिस्कही बहुधा ठीक आहे, जे सेफ मोडमध्ये बाहेर ठेवलं होतं त्यातलंच काहीतरी खोडी करतंय. बहुतेक वेळा ग्राफिक्सचा ड्रायव्हर, नाहीतर नुकतंच टाकलेलं सॉफ्टवेअर, किंवा दोन अँटिव्हायरस एकत्र नांदवायचा प्रयत्न.

परत आत जा, पण ह्या वेळी टिकेच्या रस्त्याने नाही. शिफ्ट धरून रीस्टार्ट, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. आकड्यांची यादी येते, 4 म्हणजे साधा सेफ मोड, 5 म्हणजे नेटसकट. ह्या रस्त्याने गेलं की पुढच्या रीस्टार्टला मशीन आपोआप बाहेर येतं, काही काढायचं राहत नाही. माझं तर मत आहे की घरच्या माणसाने ती टिक कधी लावूच नये, हाच रस्ता वापरावा. व्हिडिओवाले टिकेचा रस्ता सांगतात कारण तो दाखवायला सोपा आहे, आणि बाहेर कसं यायचं ते व्हिडिओच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात असतं, तिथपर्यंत कोण बघतंय.

आत गेल्यावर स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले ॲडॅप्टर्स, तुमच्या ग्राफिक्सच्या नावावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, रोल बॅक. ते बटण फिकट असेल तर मागे जायला जुना ड्रायव्हरच शिल्लक नाही, मग तिथलंच अनइन्स्टॉल डिव्हाइस वापरा, रीस्टार्ट झाल्यावर विंडोज साधा ड्रायव्हर स्वतः बसवते. सॉफ्टवेअर काढायचं असेल तर मात्र सेफ मोडमध्ये बरीचशी सॉफ्टवेअरं निघत नाहीत, विंडोज इन्स्टॉलर चालू नाही अशी तक्रार येते, कारण ती सर्व्हिसही बाहेरच ठेवलेली असते. अशा वेळी सिस्टम रिस्टोअर करून मशीन आधीच्या तारखेला नेणं सोपं पडतं, त्याने कागदपत्रं आणि फोटो जात नाहीत, त्या तारखेनंतर टाकलेली सॉफ्टवेअरं आणि ड्रायव्हर जातात.

विंडोज 7 वाल्यांसाठी

तिचा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपला तरी गावाकडे अजून भरपूर मशिनं तिच्यावर चालतात, म्हणून सांगतो. लाइट गेली, मशीन धाडकन बंद पडलं, लाइट आल्यावर चालू केलं की काळ्या पडद्यावर यादी येते, सेफ मोड, सेफ मोड विथ नेटवर्किंग, आणि स्टार्ट विंडोज नॉर्मली. खाली 30 सेकंदांचं घड्याळ उलटं चालू असतं. काही करू नका, ते आपोआप नॉर्मलवरच जातं. लोक घाईघाईने एंटर-बाण काहीतरी दाबतात आणि "सेफ" हा शब्द बरा वाटतो म्हणून त्यावर जातात. गेलात तरी रीस्टार्ट करा, बाहेर याल. टिकेचा रस्ता आणि एमएसकॉन्फिग तिथेही हुबेहूब वरच्यासारखंच. चालू होताना एफ8 दाबून यादी आणायची सोय तिथे आहे, विंडोज 8 पासून ती मुळातच बंद करून ठेवलेली असते, त्यामुळे नव्या मशिनवर एफ8 बडवत बसू नका.

काकांचं मशीन उघडलं तेव्हा दहा वाजत आले होते. दोन मिनिटांनी परत फोन. "सगळं आलं रे, पण माझे आयकॉन विस्कटलेत, हिशोबाची फाइल उजवीकडे खाली असायची." सेफ मोडमध्ये पडद्याचं रिझोल्यूशन बदलतं म्हणून आयकॉन इकडचे तिकडे होतात, कुठे जात नाहीत, माऊसने ओढून जागेवर लावायचे. हिशोबाची फाइल वर डावीकडे सापडली. त्याच वेळी मी ती त्यांना पेन ड्राइव्हवर कॉपी करायला लावली, नातवाच्याच हातून.